पहिली शिडाची होडी घेताना: आधी किनारा, मग होडी

दादरच्या एका दांपत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघांचेही वय पस्तीस-छत्तीस, दोघांचे मिळून वजन साधारण १३० किलो, आणि घरात अकरा वर्षांची मुलगी. गेल्या हंगामात दोघांनी कुलाब्याला शिडाची होडी चालवण्याचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले आणि आता स्वतःची पहिली होडी घ्यावी असे त्यांना वाटते. त्यांनी दोन होड्या पाहून ठेवल्या आहेत. एक आहे केबिन असलेली २२ फुटी जुनी कीलबोट, जी पूर्व किनाऱ्यावरील एका शेडमध्ये चार वर्षे उभी आहे. दुसरी एका क्लबच्या आवारातील फायबरची जुनी एंटरप्राइझ डिंगी, म्हणजे दोघांनी चालवण्याची लहान उघडी होडी. दोन्हींची किंमत जवळपास सारखी आहे. तेवढ्याच पैशांत मोठी होडी मिळत असताना लहान का घ्यावी, असा त्यांचा नेमका प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की लहान होडीच घ्यावी. परंतु तुम्ही पाहिलेली तीच एंटरप्राइझ घ्यावी की नाही, हे होडी पाहून ठरणार नाही. ती कोठे ठेवणार आणि तेथून भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी पाण्यात नेता-आणता येईल, यावर ठरेल. मुंबईत होडी घेणारे बहुतेक लोक आधी होडी पसंत करतात आणि मग तिच्यासाठी जागा शोधत फिरतात. हा क्रम उलटा आहे. येथे आधी किनारा निवडावा लागतो, आणि त्या किनाऱ्यावर कोणती होडी चालेल हे मग तो किनाराच सांगतो.

याचे कारण मुंबई बंदराची भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत येथे पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांच्या पातळीत साडेतीन मीटरहून अधिक फरक पडतो; भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो दीड मीटरच्या जवळपास उतरतो. भरतीच्या वेळी जो धक्का किंवा उतार पाण्याला भिडलेला असतो, त्याच्यापुढे उधाणाच्या ओहोटीला चिखल आणि खडक उघडे पडतात. कोकण किनाऱ्यावरचे लोक तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब करतात, तो तुम्हीही आजपासून पाठ करावा. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास भरती येते, आणि तिच्या पुढे-मागे सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. प्रत्यक्ष निघताना छापील किंवा मोबाइलवरील भरतीचे कोष्टकच पाहावे. पण घरी बसून रविवारचा बेत ठरवण्यास हा हिशेब पुरेसा आहे.

आता हा हिशेब होडीच्या निवडीला लावून पाहा. पौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी तुम्ही दुपारी भरतीला आरामात होडी पाण्यात ढकलाल. एक वाजल्यापासून ओहोटी लागेल आणि सायंकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे वारा पडत असताना आणि उजेड जात असताना, पाणी पूर्ण उतरलेले असेल. त्या वेळी तुमचा उतार पाण्यापर्यंत पोहोचत नसेल, तर होडी उचलून किंवा ट्रॉलीवर घालून चिखलातून वर आणावी लागते. दोन माणसांना हे जमेल अशी होडी असेल तर दिवस पार पडतो. जमत नसेल तर भरती परत येईपर्यंत, म्हणजे रात्री नऊ-दहापर्यंत, पाण्यावर किंवा चिखलाच्या काठावर थांबावे लागते. लहान मुलगी बरोबर असताना असा प्रसंग एकदा आला, की पुढच्या रविवारी घरातून कोणी उत्साहाने निघत नाही.

हंगामाचीही मोजदाद करावी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे आपला समुद्र लहान होड्यांना बंदच असतो. उरलेल्या आठ महिन्यांत साधारण पस्तीस रविवार येतात. लग्नकार्ये, परीक्षा, आजारपण आणि कार्यालयीन कामे वजा केली की वीस-बावीस उरतात. तुमची होडी फक्त भरतीच्या आसपासच्या दोन-तीन तासांतच पाण्यात नेता येत असेल, तर त्यांतलेही निम्मे गळतात. वर्षाला दहा वेळा पाण्यावर जाणारा माणूस शिकत नाही. दर वेळी तो मागच्या खेपेचे विसरलेलेच पुन्हा आठवत बसतो. पहिल्या होडीचे काम शिकवणे हे आहे, म्हणून तिच्याविषयीचा माझा पहिला निकष एकच असतो: ही होडी तुम्ही दोघे, तिसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय, ओहोटीलाही पाण्यातून वर आणू शकता का?

हे मी स्वतःच्या अनुभवातून शिकलो आहे. माझी पहिली होडी १८ फुटी होती, लहानशी केबिन, दोन बाके आणि पोटात ओतलेले वजन असलेली. किंमत कमी होती आणि विकणाऱ्याने ती वर्षानुवर्षे वापरली असल्याने विश्वासही वाटला. ती उतारावरून खाली नेण्यास सहा माणसे लागत, म्हणून प्रत्येक फेरीआधी माणसे जमवणे हेच माझे मुख्य काम होऊन बसले. पहिल्या पूर्ण हंगामात मी सात वेळा पाण्यावर गेलो. दुसऱ्या हंगामात ती विकून एक जुनी एकट्याने चालवण्याची डिंगी घेतली, आणि मार्च महिन्यापर्यंत चाळीसहून अधिक फेऱ्या झाल्या. वारा, प्रवाह, शिडाचा ताण यांबद्दल मला आज जे कळते, त्याचा पाया त्या चाळीस फेऱ्यांत आहे.

तुम्ही पाहिलेल्या कीलबोटीचा विचार याच अंगाने करा. कील म्हणजे होडीच्या तळाला कायमचा जोडलेला जड पंख; त्यामुळे होडी सहसा उलटत नाही, हा तिचा मोठा गुण आहे आणि तो मी नाकारत नाही. पण तोच पंख तिला किनाऱ्यापासून दूर ठेवतो. उदाहरणार्थ, आपल्या बंदरात दिसणारी जे-२४ ही २४ फुटी कीलबोट पाण्याखाली सुमारे १.२ मीटर खोल असते आणि तिचे वजन सुमारे १,४०० किलो आहे. अशी होडी मूरिंगवर, म्हणजे समुद्रतळाशी बांधलेल्या तरंगत्या पिंपाला बांधून, पाण्यातच ठेवावी लागते. मूरिंग मिळवावे लागते, त्याची साखळी दरवर्षी तपासावी लागते, होडीपर्यंत जाण्या-येण्यासाठी दुसरी लहान होडी किंवा नाविक लागतो, उबदार पाण्यात तळावर शेवाळ आणि शिंपले झपाट्याने धरतात म्हणून दर हंगामाला तळ खरवडून विशेष रंग द्यावा लागतो, वारा पडल्यावर परत येण्यासाठी लहान इंजिन लागते, आणि मे महिना संपण्याआधी क्रेन लावून ती बाहेर काढावी लागते. खरेदीची किंमत सारखी दिसते, कारण हे सगळे त्या किमतीत धरलेले नाही. चार वर्षे शेडमध्ये उभी असलेली कीलबोट स्वस्त मिळते, याचा अर्थ आधीच्या मालकाला हा खर्च परवडेनासा झाला आहे.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते खर्चापेक्षा महत्त्वाचे वाटते. जड होडी चुका झाकते. शीड चुकीचे बांधले, वजन चुकीच्या बाजूला ठेवले, तरी ती मुकाट्याने पुढे जात राहते, आणि चालवणाऱ्याला वाटते की आपल्याला येते. डिंगी तत्काळ झुकते, थांबते किंवा उलटते. गेटवेसमोर रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या सीबर्ड होड्या शर्यतीत पाहताना अनेकांना तशीच देखणी, भारदस्त होडी हवीशी वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. ती दुसरी किंवा तिसरी होडी असावी.

मग डिंगींपैकी कोणती? तुमच्या वजनाच्या जोडीसाठी एंटरप्राइझ हा प्रकार मुळात योग्य आहे. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ मध्ये ती आखली. लांबी ४ मीटरपेक्षा थोडी अधिक, नुसत्या हलचे, म्हणजे डोलकाठी-शिडाशिवायच्या होडीच्या धडाचे, वजन सुमारे ९० किलो, आणि मोठे शीड व जिब, म्हणजे पुढचे लहान शीड, मिळून साडेदहा चौरस मीटरच्या आसपास कापड. आपल्या देशात ती अनेक दशके चालवली गेली असल्यामुळे जुने भाग, जुनी शिडे आणि ती दुरुस्त करता येणारी माणसे सापडतात. पहिल्या होडीसाठी हा गुण वेगापेक्षा मोठा आहे. कमी वाऱ्यातही ती चांगली चालते, आणि मुंबईत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दुपारी त्याचे मोल कळते. तिचा दोष असा की ती चपळ असल्यामुळे जोराच्या झोतात सहज झुकते, आणि उलटल्यावर जुन्या एंटरप्राइझमध्ये पुष्कळ पाणी भरते. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत दुपारी दहा ते पंधरा नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वायव्येचा खारा वारा नियमित वाहतो. त्या वाऱ्यात नवख्या जोडीने तिचे मोठे शीड पूर्ण उभारू नये. शीड आखूड करण्याची सोय, म्हणजे रीफ बांधण्याची जागा, शिडावर आहे का हे पाहावे, आणि नसेल तर शीड शिवणाऱ्याकडून ती करून घ्यावी. कामाच्या मानाने हा खर्च फार मोठा नसतो.

दुसरा प्रामाणिक पर्याय म्हणजे आयएलसीए, जिला बहुतेक लोक अजूनही तिच्या जुन्या नावाने, लेझर म्हणून ओळखतात. ती ४.२ मीटर लांब आणि सुमारे ५९ किलो वजनाची, एका माणसाची होडी आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन याच होडीच्या दोन प्रकारांत उतरले होते. तिची खुबी अशी की हल एकच राहतो आणि डोलकाठीचा खालचा भाग व शीड बदलून तीन आकार करता येतात: सुमारे ७, ५.८ आणि ४.७ चौरस मीटर. म्हणजे ८० किलोचा माणूस, ६५ किलोची व्यक्ती आणि आणखी चार वर्षांनी तुमची मुलगी, तिघेही एकच होडी आलटून-पालटून वापरू शकतात. उलटल्यावर ती लगेच सरळ होते आणि कॉकपिटमधील, म्हणजे बसण्याच्या खोलगट जागेतील, पाणी आपोआप निघून जाते. पण ती दोघांनी मिळून फिरण्याची होडी नाही. एक पाण्यावर आणि दोघे काठावर, अशी तुमची रविवारची वाटणी होईल. तुम्ही लिहिले आहे की दोघांनी एकत्र शिकण्याची इच्छा आहे. ती इच्छा खरी असेल तर एंटरप्राइझ; आणि दोघांपैकी एकालाच खरी ओढ असेल, तर ते आताच स्वतःशी स्पष्ट करून लेझर घ्यावी.

मुलीसाठी वेगळा विचार करा. ऑप्टिमिस्ट ही २.३ मीटर लांब, ३५ किलो वजनाची चौकोनी नाकाची होडी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जगभर वापरली जाते. अकराव्या वर्षी तिला क्लबच्या ऑप्टिमिस्टवर बसू द्यावे, विकत घेण्याची घाई करू नये. मुले आई-वडिलांच्या होडीत प्रवासी म्हणून लवकर कंटाळतात. सुकाणू स्वतःच्या हातात आले की त्यांचे लक्ष लागते.

इतर प्रकारांविषयी थोडक्यात सांगतो. हॉबी १६ ही दोन हलांची वेगवान होडी गिरगाव चौपाटीसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर शोभते; पण ती जवळपास अडीच मीटर रुंद असल्याने अरुंद उतारावर आणि गर्दीच्या आवारात तिची ने-आण त्रासाची होते, आणि उलटल्यावर सरळ करण्यास वजन व सराव दोन्ही लागतात. फायरबॉलचे नाव मुंबईत आदराने घेतले जाते, कारण १९८२ च्या आशियाई खेळांच्या शर्यती याच पाण्यात झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी त्या वर्गात सुवर्णपदक मिळवले. पण ती तारेला लोंबकळून तोल सांभाळण्याची शर्यतीची होडी आहे. वेफेअरर मिळाली तर कुटुंबासाठी उत्तम. मात्र तिचा हल सुमारे १७० किलोचा असतो, आणि तुमचा उतार कसा आहे यावर पुन्हा सारे येऊन थांबते. लाकडी होडी, ती कितीही सुंदर असली तरी, पहिल्यांदा घेऊ नये. आपल्या हवेत आणि खाऱ्या पाण्यात ती दरवर्षी जो वेळ मागते तो देण्यास दोघे नोकरदार असलेल्या घराला जमत नाही.

आता प्रत्यक्ष होडी कशी तपासावी, हे सविस्तर लिहितो, कारण नुकसान बहुधा येथेच होते. रंग आणि चकाकी यांकडे पाहू नये. प्रथम होडीचे वजन करावे. चार माणसांनी उचलून दोन साध्या वजनकाट्यांवर टेकवली तरी पुरते. जुन्या फायबरच्या होड्यांत तरंगण्यासाठी बंद कप्पे किंवा फोमचे ठोकळे असतात. फोमने पाणी शोषले किंवा कप्प्यात ओल साठली की होडी दहा-वीस किलोंनी जड होते, आणि ते वजन सहसा वाळून जात नाही. मी एकदा एका मित्रासाठी वरून अगदी नवीन वाटणारी लेझर पाहिली होती. काट्यावर ती १७ किलोंनी जास्त भरली. आम्ही ती घेतली नाही.

त्यानंतर बोटाच्या पेराने किंवा नाण्याने संपूर्ण हल आणि डेक इंच-इंच वाजवून पाहावा. आवाज टणक आणि सारखा यावा. जेथे तो एकदम बद्द होतो, तेथे आतले थर सुटलेले असण्याची शक्यता असते. डेकवर उभे राहून पायाखाली दबते का पाहावे, विशेषतः डोलकाठीच्या तळाशी आणि बसण्याच्या जागी. सेंटरबोर्ड, म्हणजे मधल्या चिरेतून पाण्यात सोडण्याची पाती, जिथून जाते ती पेटी ही डिंगीची सर्वांत नाजूक जागा. उथळ पाण्यात पाती खडकाला आदळली की तडा पेटीच्या मुळाशी जातो. मुंबईतल्या जुन्या होड्यांत तो मी वारंवार पाहिला आहे. पेटीच्या कडेने बारीक रेषा किंवा नव्याने लावलेला फायबरचा पट्टा दिसला तर विकणाऱ्याला थेट विचारावे की कोठे आदळली आणि दुरुस्ती कोणी केली.

बंद कप्प्यांची गळती पाहण्याची सोपी रीत अशी: पाणी काढण्याचे बूच उघडून तेथून तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे. बुडबुडे आले तेथे गळती आहे. हवा जोराने कधीही भरू नये; त्याने चांगला सांधाही उघडतो. लेझरमध्ये डोलकाठी ज्या नळीत बसते, ती पाण्याने काठोकाठ भरून अर्धा तास थांबावे. पातळी उतरली तर नळीचा तळ फुटला आहे आणि पाणी हलमध्ये जात आहे. अशी होडी जोराच्या वाऱ्यात डोलकाठीसकट डेक फाडू शकते.

डोलकाठी सपाट फरशीवर लोळवून पाहावी. वाकलेली असेल तर ती घरंगळताना उड्या मारते. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर जेथे स्टीलचे रिव्हेट किंवा स्क्रू बसवलेले असतात, तेथे खाऱ्या पाण्यामुळे दोन धातूंत गंज चढतो आणि पांढरी भुकटी दिसते. थोडी भुकटी सर्वत्र असतेच. पण त्याखाली धातू खरवडला जात असेल तर ती काठी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांवरून जुने सुती फडके फिरवावे. ते अडकले, तर तारेचा एखादा धागा तुटला आहे, आणि ती तार बदलावीच लागते. सुकाणूच्या बिजागऱ्यांत किती ढिलाई आहे हे हाताने हलवून पाहावे.

शीड पाहताना कापडाच्या रंगाऐवजी शिवण पाहावी. आपल्याकडील ऊन कापडाच्या आधी दोऱ्याला खाते. नखाने शिवण खरवडली आणि दोरा तुटून आला, तर कापड धड असले तरी संपूर्ण शीड पुन्हा शिवून घ्यावे लागेल. हातात घेतल्यावर जुने सुती लुगडे वाटावे इतके मऊ झालेले शीड वाऱ्याविरुद्ध जाताना आकार धरत नाही. शिकण्यास ते चालते, पण भाव करताना त्याची किंमत शून्य धरावी.

एवढे झाल्यावर होडी पाण्यात नेऊन चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि नुसती चालवून थांबू नये; जवळ दुसरी होडी उभी ठेवून, जीवनरक्षक जॅकेट घालून, ती मुद्दाम उलटवावी आणि तुम्ही दोघांनीच सरळ करावी. किती वेळ लागतो, सरळ झाल्यावर आत किती पाणी राहते, त्या अवस्थेत ती स्थिर राहते की लगेच पुन्हा उलटते, हे सारे मनात नोंदवावे. विकणारा याला नकार देत असेल तर दुसरी होडी पाहावी. तुमची एंटरप्राइझ फायबरची आहे, तेव्हा तिचे तरंगण्याचे कप्पे शाबूत असतील तर ती या परीक्षेत टिकेल. टिकली नाही तर ती कितीही स्वस्तात घेऊ नये.

पैशांच्या बाबतीत एवढेच सांगतो की ठरवलेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग बाजूला ठेवावा, होडीच्या किमतीत घालू नये. ट्रॉली, दोर, उन्हापासून झाकण्याचे जाड आच्छादन, दोन चांगली जॅकेटे आणि पहिल्या वर्षाचे जागेचे शुल्क त्यातून जाते. ट्रॉली होडीबरोबर मिळत असेल तर तिची चाके आणि सांगाडा गंजलेला नाही ना हे पाहावे. कागदपत्रांत विकणाऱ्याची सही असलेली पावती, हलवरील क्रमांक, शिडावरील क्रमांक आणि परदेशातून आणलेली असल्यास सीमाशुल्काची पावती घ्यावी. ज्या क्लबमध्ये ती ठेवणार त्याच्या कार्यालयाकडून, आणि महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या बंदर अधिकाऱ्याकडून, नोंदणीविषयी काय करावे लागेल हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्यावे. २००८ च्या हल्ल्यानंतर आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक होडीची चौकशी होते, आणि ती झालीच पाहिजे.

आता तुमच्या किनाऱ्याकडे परत येतो. कुलाब्याच्या पूर्व बाजूने निघणार असाल, तर प्रवाहाची दिशा होडीइतकीच ओळखीची करून घ्यावी. भरती बंदराच्या आत उत्तरेकडे नेते, ओहोटी दक्षिणेकडे प्राँग्जच्या दीपगृहाच्या बाजूने खुल्या समुद्राकडे नेते. उधाणाला हा प्रवाह दोन-तीन नॉटपर्यंत जातो. चार मीटरची डिंगी मंद वाऱ्यात तेवढ्याच वेगाने चालते. म्हणजे शीड भरलेले, होडी पाणी कापत असलेली, आणि किनाऱ्यावरची इमारत मात्र जागची हलत नाही, असे दृश्य तुम्हाला दिसेल. म्हणून जाताना प्रवाहाविरुद्ध आणि परतताना प्रवाहाबरोबर, हा नियम मोडू नये. नौदलाच्या गोदीचा परिसर, मोठ्या जहाजांचा मार्ग आणि मांडव्याच्या फेऱ्यांच्या बोटींची वाट यांपासून दूर राहावे. मोठे जहाज तुमच्यासाठी वळू शकत नाही. मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते गोळे दिसले की त्यांना मोठा वळसा घालावा, कारण सेंटरबोर्ड जाळ्यात अडकले तर नुकसान कोळ्यांचेही होते. होडीत वल्हे, लहान नांगर, ओढून नेण्याचा दोर, पिण्याचे पाणी आणि जलरोधक पिशवीतला मोबाइल कायम असावा. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ मुलीलाही पाठ असावा.

शेवटी खरेदीच्या वेळेविषयी. एप्रिलअखेर आणि मे महिन्यात अनेक मालक पावसाळ्याचा साठवणीचा त्रास टाळण्यासाठी होडी विकण्यास तयार होतात, आणि तेव्हाच भाव करता येतो. मात्र चालवून पाहण्याची परीक्षा मेच्या मध्यापर्यंत उरकावी, कारण नंतर झोत वाढतात आणि लाट उठू लागते. पावसाळ्याचे चार महिने होडी गोड्या पाण्याने धुऊन, बूच उघडे ठेवून, उलटी करून जमिनीतल्या कड्यांना घट्ट बांधून ठेवावी. शीड घरी आणून कोरड्या जागी सैल गुंडाळावे, नाहीतर त्याला बुरशी धरते. त्याच काळात सांधे, दोर आणि बिजागऱ्या यांची कामे स्वतःच्या हाताने करून घ्यावीत. होडीचा प्रत्येक स्क्रू कोठे आहे हे तेव्हाच कळते. मग कोजागिरीनंतरच्या अष्टमीच्या जवळचा रविवार धरावा. त्या दिवशी भांग असल्याने प्रवाह क्षीण असतो, दुपारी बारा-एकला ओहोटी संपते पण पाणी फार खाली गेलेले नसते, आणि ऑक्टोबरचा वारा अजून मंद असतो. एकला निघून आधी दक्षिणेकडे जावे, तीनच्या सुमारास वळावे. परतताना वायव्येच्या वाऱ्याविरुद्ध नागमोडी यावे लागेल, पण चढती भरती तुम्हाला घराकडे ढकलत असेल, आणि पाचच्या सुमारास उतारावर पाणी ट्रॉलीच्या चाकांपर्यंत आलेले असेल.